बोंबमापक: ओट्यापाशी उभं राहून एकही विकेट न चुकवण्याचं यंत्र घरी कसं बनवावं

मॅच असली की आमच्या घरात माझी जागा ठरलेली: ओट्यापाशी. समोरची टीम बॅटिंगला आली की सासरे, म्हणजे अप्पा, चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघतात आणि मी उठते. कारण काय, तर काही वर्षांपूर्वी कुठल्याशा वनडेत मी हॉलमध्ये बसले होते तेव्हा अकरा ओव्हर विकेट पडली नाही, आणि दूध बघायला आत गेले तर पहिल्याच बॉलला पडली. पुढच्या मॅचला तेच. तिसऱ्या मॅचला मी हट्टाने बसून राहिले, तर समोरच्याने शतक ठोकलं. तेव्हापासून हा आमच्याकडचा कुलाचार आहे. आरतीला एखाद्या वेळी उशीर झालेला चालतो, हा मोडलेला चालत नाही.

तुम्ही लग्न होऊन किंवा भाड्याची खोली वाटून घेऊन अशा एखाद्या क्रिकेटवेड्या घरात नव्याने दाखल झाला असाल, आणि 'तू आत जा, विकेट पडते' ही नोकरी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. सोल्डरिंगचं यंत्र कधी हातात धरलं नसेल तरी चालेल. मीही धरलं नव्हतं.

यंत्राचं नाव बोंबमापक. काम एकच. शेजारपाजारची बोंब ऐकायची आणि तुमच्या कानाशी गजर वाजवायचा. तुम्ही गॅस बंद करून, हात पुसून हॉलमध्ये पोचता तेव्हा तुमच्या टीव्हीवर बॉलर अजून चेंडू मांडीला घासत असतो.

याचा शोध मला २९ जून २०२४ च्या रात्री लागला. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, बार्बाडोसला. शेवटची ओव्हर, दक्षिण आफ्रिकेला १६ हव्या, समोर डेव्हिड मिलर, बॉल हार्दिक पंड्याच्या हातात. मी आत, कांदाभज्यांचा शेवटचा घाणा कढईत. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बिल्डिंगच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडते. डोंबिवलीतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहिलेल्यांना डक्ट म्हणजे काय हे सांगायला नको. सात मजल्यांचे फोडणीचे वास आणि भांडणं त्यात एकत्र नांदतात. तर चौथ्या मजल्यावरच्या काकांचा रडका आवाज आला, "गेला रेऽऽ!" मग काहीच नाही. पाइपातून पाणी ठिबकल्याचं ऐकू यावं इतकी शांतता. आणि मग एकदम पाच-सहा घरांतून अशी बोंब उठली की खिडकीवरची कबुतरं उडाली. कुणीतरी ताट बडवायला लागलं.

मी झारा घेऊन तशीच बाहेर धावले. टीव्हीवर हार्दिक अजून फील्डिंग लावत होता.

"आत जा!" अप्पा.

"अप्पा, मिलर गेला."

"कुठे गेला? हा काय उभा आहे समोर!"

मग फुलटॉस पडला, मिलरने लाँगऑफकडे उचलला, अप्पांनी कपाळावर हात मारला (काकांचं "गेला रे" ते हे), आणि सूर्यकुमारने दोरीच्या आत चेंडू धरला, तोल जातोय म्हणून वर उडवला, दोरीपलीकडे पाऊल टाकून परत आत आला आणि पकडला. तिसरा अंपायर बघेपर्यंत आमच्या हॉलमध्ये कुणी श्वास घेतला नाही. मी एकटी निवांत उभी होते. माझ्या झाऱ्यातून तेल फरशीवर ठिबकत होतं आणि मला निकाल माहीत होता. किती वर्षांनी विकेट पडताना उघड्या डोळ्यांनी पाहिली!

भारत सात धावांनी जिंकला, म्हणून त्या रात्री कुणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहावर खटला उभा राहिला. विकेट पडली तेव्हा मी हॉलमध्ये होते की नव्हते? आमच्या टीव्हीच्या हिशेबाने होते. बार्बाडोसच्या हिशेबाने मी ओट्यापाशी होते. मग पायगुण लागतो तो मैदानातल्या वेळेला की आमच्या टीव्हीच्या वेळेला? अप्पा कोर्टात शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेत. त्यांनी बिस्किट बुडवून विचार केला आणि सांगितलं, "घटना घडून गेल्यावर साक्षीदार आत आला, तर घटनेवर त्याचा परिणाम होत नाही." म्हणजे शेजाऱ्यांची बोंब झाल्यानंतर मला हॉलमध्ये यायला मुभा. हा निकाल घराघरातल्या ओट्यापाशी उभ्या असलेल्यांनी नजीर, म्हणजे आधीच्या निकालाचा दाखला, म्हणून वापरावा.

मुभा मिळाली, पण मिक्सर चालू असताना बोंब ऐकू कशी येणार? म्हणून यंत्र.

आधी उशीर का होतो ते समजून घ्या

पुष्कळांना वाटतं, उपग्रह लांब आहे म्हणून चित्र उशिरा येतं. उपग्रह बिचारा निर्दोष आहे. तो जवळपास ३६,००० किलोमीटरवर असला तरी सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. डिश असलेल्या घरातला उशीर होतो तो मुख्यतः चित्र दाबून बारीक करण्यात आणि सेट टॉप बॉक्समध्ये ते परत उलगडण्यात. तो काही सेकंदांचा असतो.

इंटरनेटवरून बघणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे मॅचचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात. पोळीचे घास करावेत तसे. तुकडा पूर्ण भरल्याशिवाय पुढे निघत नाही, आणि तुमचं अ‍ॅप तर असे दोन-तीन तुकडे गाठीला बांधल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही. मध्येच नेट अडखळलं तर चित्र थांबू नये म्हणून. या सगळ्याची बेरीज वीस-तीस सेकंदांच्या घरात सहज जाते, कधी त्याहून पुढे. वर तुम्ही मध्ये पॉज केलं असेल, कुणाचा फोन आला म्हणून, तर तेवढे सेकंद आणखी मागे. एकाच घरात दोन मोबाइलवर एकच अ‍ॅप लावा, दोन्हीकडे बॉल एकाच वेळी पडेल याची खात्री नाही.

अप्पा सांगतात, एकटं दूरदर्शन होतं तेव्हा अख्ख्या वाडीची बोंब एकदम उठायची. आता एकच विकेट आमच्या बिल्डिंगमध्ये तीन-चार वेळा पडते: आधी डिशवाल्यांकडे, मग फायबरवाल्यांकडे, शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांकडे, जी कुणाच्या तरी वायफायवर बघतात.

बोंबमापकाला एवढंच लागतं: तुम्ही मागे, शेजारी पुढे. म्हणून या कामापुरतं तुमच्या घरात वेगवान कनेक्शन घेऊ नका. नवऱ्याला ते घ्यायचंच असेल तर अप्पांचा निकाल दाखवा.

पहिली पायरी: उशीर मोजा

पुढे असलेल्या शेजाऱ्याला फोन लावा. आमच्यासाठी चौथ्या मजल्यावरचे काका. त्यांना सांगायचं, बॉलरच्या हातातून चेंडू सुटला की "सोडला" म्हणा. ते म्हणाले की तुम्ही मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करायचं आणि तुमच्या टीव्हीवर तोच चेंडू सुटला की थांबवायचं. तोच चेंडू ओळखायला ओव्हरचा पहिला बॉल धरा, नाहीतर घोळ होतो. माझा झाला होता. आधीचा बॉल धरला आणि उशीर शून्याच्या खाली आला. म्हणजे आम्ही भविष्य बघत होतो.

पाच वेळा मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. सरासरी धरू नका. सरासरीवर विसंबलात तर निम्म्या विकेटींना तुम्ही दारात असाल. आमचे आकडे ३१ ते ३६ च्या दरम्यान आले, मी ३१ धरले. आवाजाला डक्टमधून यायला लागणारा वेळ सोडून द्या. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, दोन मजले म्हणजे काहीच नाही. मैदानापलीकडच्या सोसायटीवर भिस्त असेल तर एखादा सेकंद वजा करा.

दहा सेकंदांच्या आत उशीर असेल तर यंत्राच्या नादी लागू नका. तेवढ्यात गॅस बंद करून येणं होत नाही आणि धावताना चटईला पाय अडकतो.

दुसरी पायरी: सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दुकानात जाऊन 'बोंबमापक बनवायचाय' म्हणू नका. मी म्हटलं होतं. काउंटरवरच्या मुलाने आतल्या मुलाला हाक मारली, "अरे, बोंबमापक आहे का बघ," आणि तो खरंच बघायला गेला.

मागायचं ते असं: एक अर्डुइनो नॅनो (ही अंगठ्याएवढी पाटी, यंत्राचा मेंदू), अँप्लिफायर असलेले माइकचे दोन मॉड्यूल, एक पाच व्होल्टचा बझर (गजर वाजवतो तो), एक लाल दिवा आणि त्याच्यासाठी २२० ओहमचा रेझिस्टर (दिव्यातली वीज आवरायला), थोड्या जंपर वायरी (जोडणीच्या आखूड वायरी), एक ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची भोकांची पाटी) आणि सात-आठ मीटर शील्डेड माइकची वायर (आत जाळीचं आवरण असलेली). आवाजाचा स्वस्त सेन्सरही मिळतो, निळ्या चौकोनी स्क्रूवाला. तो टाळीला ऐकतो, पण दोन मजले वरच्या काकांना ऐकत नाही. माझे पहिले पैसे त्यात गेले. मूळ कंपनीचा न घेता साधा बोर्ड घेतलात तर सगळं मिळून हजार रुपयांच्या आत बसायला हरकत नाही.

घरातून घ्यायचं: मोबाइलचा जुना चार्जर, प्लास्टिकचा आइस्क्रीमचा डबा आणि स्टीलचं नरसाळं.

नरसाळ्याला हसू नका. माइक नरसाळ्याच्या नळीच्या तोंडाशी बसवला आणि रुंद तोंड डक्टकडे केलं की आवाज गोळा होऊन येतो. जुन्या ग्रामोफोनचा कर्णा उलटा वापरल्यासारखं. फक्त घरातलं एकुलतं एक नरसाळं वापरू नका. तेलाचा डबा रिकामा करायच्या दिवशी मी ते शोधत होते आणि ते खिडकीला चिकटवलेलं होतं.

तिसरी पायरी: जोडणी

माइकच्या मॉड्यूलला तीन पाय असतात. एक पाच व्होल्टला, एक ग्राउंडला, आणि तिसरा, आवाजाचा, अर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग शून्य या पायाला. दुसऱ्या माइकचा अ‍ॅनालॉग एकला. बझर आठ नंबरच्या पायाला, दिवा नऊ नंबरला रेझिस्टरमधून. वीज मोबाइलच्या चार्जरमधून. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेशी आपला काही संबंध नाही आणि ठेवायचाही नाही. कुणी म्हणेल, बझरऐवजी दारावरची बेल जोडू. नको.

पहिला माइक नरसाळ्यासकट डक्टच्या खिडकीच्या आतल्या बाजूला. बाहेर वाकून काही चिकटवत बसू नका, मॅच काय पुन्हा येते. दुसरा माइक हॉलच्या गॅलरीत, रस्त्याकडे तोंड करून. त्याची वायर लांब, आणि ती शील्डेड हवी. मी आधी साधी वायर ओढली, फ्रिजच्या मागून. कॉम्प्रेसर सुरू झाला की बोंबमापक वाजायचा. पहिल्या संध्याकाळी आमच्या फ्रिजने चार विकेट घेतल्या.

चौथी पायरी: बोंब कशाला म्हणायचं ते यंत्राला शिकवा

इथे घाई करू नका, सगळं यश यात आहे.

अर्डुइनो आवाजाला शून्य ते १०२३ मधला आकडा देतो. आवाज म्हणजे वरखाली होणारी लाट, त्यामुळे एखादाच आकडा घेऊन काही कळत नाही. दर पन्नास मिलिसेकंदांत सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा टिपायचा आणि त्यांची वजाबाकी करायची. ती वजाबाकी म्हणजे आवाजाचा जोर. आमच्याकडे नुसता पंखा फिरत असताना ती तीसच्या आसपास यायची, डक्टमध्ये कुणी नेहमीसारखं बोललं तर साठ-सत्तर, आणि काकांची खरी बोंब साडेतीनशेच्या वर. मी सीमा अडीचशेवर ठेवली. तुमच्या काकांचा घसा वेगळा, तुमचा आकडा वेगळा. कमी महत्त्वाच्या मॅचला आकडे नुसते लिहून काढा, यंत्र वाजवू नका.

पण जोरावर भागत नाही. कुकरची शिट्टी काकांपेक्षा मोठी असते. वरून स्टीलचं पातेलं पडतं. सहाव्या मजल्यावरची आई पोराचा अभ्यास घेते. म्हणून तीन अटी.

आवाज दीड सेकंद तरी टिकला पाहिजे. यात पातेलं आणि शिंक बाद होतात.

आवाज दोन्ही माइकला दोन सेकंदांच्या आत ऐकू आला पाहिजे. ही अट मला सुचली याचा मला फार अभिमान आहे. शिट्टी एका घरात होते, अभ्यास एका घरात होतो, पण विकेट डक्टमध्येही पडते आणि रस्त्यावरच्या पानाच्या टपरीवरही पडते. चिरंजीवांनी सांगितलं की शास्त्रज्ञही असंच करतात. दोन यंत्रांनी एकदम नोंद केली तरच खरं धरतात. मी त्याला म्हटलं, दोन शेजारणींनी एकच गोष्ट सांगितली तरच खरी धरायची, हे आम्हाला आधीपासून माहीत आहे.

तिसरी अट: एकदा वाजल्यावर चाळीस सेकंद गप्प. नाहीतर तुमच्या टीव्हीवर विकेट पडली की तुमचेच लोक बोंबलतात, ते ऐकून यंत्र पुन्हा वाजतं, तुम्ही पुन्हा धावत येता, आणि अप्पा पुन्हा चष्म्यावरून बघतात.

या अटी कागदावर अशाच मराठीत लिहा आणि बिल्डिंगमधल्या इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पोराला द्या. तो अर्ध्या तासात प्रोग्रॅम लिहून देईल. आमच्याने एक प्लेट भजी घेतली.

दिवाळीत मॅच आली तर यंत्र सरळ बंद ठेवा. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये भारत-नेदरलँड्स मॅच ऐन दिवाळीच्या दिवशी, १२ नोव्हेंबरला आली होती. लवंगी माळ पहिल्या दोन्ही अटींत चोख बसते.

एक खुलासा सोसायटीत आधीच करून टाका. यंत्र आवाज साठवत नाही, फक्त त्याचा जोर मोजतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून विचारलं होतं, "आमचं बोलणं जातं का गं त्यात?" म्हटलं, नाही हो, फक्त आकडा येतो. त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "आमचा किती येतो?"

पाचवी पायरी: ओटा मॅचसाठी लावा

३१ सेकंद खूप वाटतात. स्टॉपवॉच लावून बघा. गॅस बंद करायला तीन, हात धुऊन पुसायला आठ, पीठ असेल तर पंधरा, हॉलपर्यंत चालायला सहा. उरतात सात ते चौदा, त्यात अप्पांच्या खुर्चीला वळसा.

म्हणून मॅचच्या दिवशी काय करायचं हे आधी ठरवा. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, लसूण सोलणं उत्तम. पोहे चालतात, झाकण ठेवून निघता येतं. भजी तळताना कढईखालचा गॅस बंद केल्याशिवाय हलायचं नाही, मग वर्ल्ड कप असो की आणखी काही. झालेली भजी थोडी तेल पितात, पिऊ देत. पुऱ्या नाहीच. पुरी फुगायची वेळ आणि विकेटची वेळ एकच असते. पोळ्यांचं काम इनिंग ब्रेकमध्ये. आणि कणीक मळायला घेऊ नका, कारण त्या हातांनी तुम्ही टाळ्या वाजवणार.

सहावी पायरी: बोंब वाचायला शिका

यंत्र फक्त 'काहीतरी झालं' एवढं सांगतं. काय झालं ते तुमच्या कानाने ओळखायचं. महिनाभरात येतं.

चौकाराची बोंब आखूड, वर चढते आणि तुटते. षटकाराची थोडी लांब, शेवटी हसण्यासारखी. विकेटची बोंब फुटल्यासारखी सुरू होते आणि तिच्यात शिट्ट्या, ताटं, पोरांची पळापळ मिसळत जाते. सुटलेल्या झेलाला "आऽऽऽ" चढता आणि मग चुकचुक. रिव्ह्यू घेतला असेल तर आधी बोंब, मग कुजबुज, मग एक तर दुप्पट बोंब किंवा शिव्या. कुणी मॅचवर पैज लावलेली असेल तर तो भलत्याच वेळी ओरडतो. आमच्याकडे पाचव्या मजल्यावर असा एक मुलगा आहे, समोरच्या टीमच्या चौकारालाही त्याची आरोळी येते. असा आवाज एकटा असतो, दोन माइकांची अट त्याला अडवते.

आणि यंत्राचा खरा दोष इथेच आहे. ते शांतता मोजत नाही. आपली विकेट पडली की डक्टमध्ये बोंब होत नाही, पंखे ऐकू यायला लागतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या फायनलच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स म्हणाला होता की भरलेलं स्टेडियम गप्प करण्यासारखं समाधान नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ५४ वर खेळणाऱ्या विराट कोहलीचा त्रिफळा उडवून ते करून दाखवलं. आमच्या बिल्डिंगचंही तेच झालं. पुढे त्यांच्या तीन विकेट लवकर पडल्या, पण मग ट्रॅव्हिस हेड १३७ पर्यंत गेला, तेवढ्या वेळात डक्टमधून कुकरशिवाय कुणी बोललं नाही. तेव्हा बोंबमापक असता तर त्या तीन विकेटींनंतर क्वचितच वाजला असता. चिरंजीव म्हणतात, सरासरी आवाज अचानक पडला की निळा दिवा लागेल असं करता येईल. करता येईल, पण मी करू दिलेलं नाही. आपली विकेट बघायला धावत कशाला जायचं?

एक परीक्षा

यंत्र पक्कं झालं ते २ नोव्हेंबर २०२५ ला, महिला वर्ल्ड कपच्या फायनलला. मॅच नव्या मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. पावसाने सुरुवात लांबली आणि सगळंच रात्रीवर गेलं. भारताच्या २९८. समोर दक्षिण आफ्रिकेची लॉरा वूल्फार्ट शतक करून उभी, आणि मी अर्थातच ओट्यापाशी.

बझर वाजला. सोबत डक्टमधून जे आलं ते कुठल्याच प्रकारात बसेना: "हां... अरे... अरे... अरेऽऽ..." आणि मग स्फोट. मी पोचले तेव्हा आमच्या टीव्हीवर दीप्ती शर्मा अजून बॉलिंगच्या खुणेकडे चालली होती. चेंडू उंच उडाला, अमनजोत कौर धावत आली, हातातून निसटला, परत निसटला, तिसऱ्या प्रयत्नात धरला. तीन "अरे" मोजून. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू हसत का होतीस आधीपासून?" तेव्हापासून हॉलमध्ये येताना तोंड सरळ ठेवायचं हीही अट लागली. नवीन माणसाला हे सगळ्यात जड जातं. आरशासमोर सराव करा.

शेवटची विकेट मध्यरात्रीच्या सुमाराला. सगळे झोपेला आलेले, पण कुणी उठायला तयार नाही. बझर वाजला आणि या वेळी तो हॉलमध्येही ऐकू गेला, कारण मिक्सर बंद होता. डक्ट, रस्ता, टपरी, सगळं एकदम फुटलं. लांबून फटाके. वर्ल्ड कप जिंकल्याचं घरातल्या प्रत्येकाला कळलं, आणि समोर नदीन डी क्लर्क अजून बॅट आपटत उभी. नवरा उठून नाचायला लागला. अप्पांनी त्याला हाताने खाली बसवलं.

"अजून पडलेली नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू आत जा."

"अप्पा, निकाल तुमचाच आहे. घटना घडून गेली."

"फायनलला अपील असतं. जा."

मी गेले. दूध उतू जायच्या बेतात होतं, तो गॅस बंद केला, हात पुसले, आणि हरमनप्रीत मागे मागे धावत त्या चेंडूखाली येत होती तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. एक पाय हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात.